रिलोडिंगची जुनी अवजारं: काय तपासायचं, काय तिथेच सोडायचं

गण्या_क्लीव्हलंड
नमस्कार मंडळी. इथे ओहायोत एका एस्टेट सेलमध्ये (घरातलं सामान विकायच्या सेलमध्ये) काडतुसं रिलोड करायचं, म्हणजे उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायचं, सामान एकगठ्ठा निघालंय. शनिवारी सकाळी बघायला मिळेल. जाहिरातीतली यादी अशी: आरसीबीएस कंपनीचा रॉक चकर प्रेस (हँडल ओढून पुंगळीवर काम करायचं यंत्र), आरसीबीएसचाच ५-०-५ बीम काटा, युनिफ्लो पावडर मेझर (पावडर मोजून टाकणारं साधन), डायचे, म्हणजे प्रेसमध्ये बसवायच्या साच्यांचे, तीन संच (३०८ विंचेस्टर, ३८ स्पेशल/३५७ मॅग्नम, ९ मिमी), पुंगळ्या घासायचा टंबलर, शॉटगनसाठी मेकचा ६०० ज्युनियर, पावडर आणि प्रायमरचं (पुंगळीच्या बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या टोपीचं) एक मिसळलेलं खोकं, आणि एका डब्यात भरलेली काडतुसं. सगळं मिळून ३५० डॉलर. मी ३०८ आणि ३८ स्पेशल वापरतो, शॉटगन नाही. शिवाय दुसरीकडे डिलन कंपनीचा स्क्वेअर डील बी प्रेस स्वस्तात मिळतोय. वस्तू हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं? ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे त्या बाजूने अडचण नसावी.

लोखंडी_चणे
प्रेसपासून सुरू करतो, कारण या लॉटमधला खरा माल तोच आहे. रॉक चकर ओतीव लोखंडाचा असतो. जाताना खिशात छोटं चुंबक ठेव. फ्रेमला चिकटलं तर ठीक. आरसीबीएसचेच काही हलके प्रेस ॲल्युमिनियमचे आहेत आणि विकणाऱ्या घरच्यांना फरक माहीत नसतो, हिरवा रंग दिसला की रॉक चकर लिहून टाकतात. ॲल्युमिनियमचा प्रेस वाईट असं नाही, ३८ साठी चालेल. पण ३०८ ची पुंगळी साइझ करताना, म्हणजे दाबून मापात आणताना, लागणारा जोर वर्षानुवर्षं घ्यायला लोखंडच हवं.

मग रॅम, म्हणजे हँडलने वर-खाली होणारा दांडा. हँडल अर्ध्यावर आणून रॅमचं वरचं टोक बोटांत धर आणि आडवं हलवून बघ. किंचित हालचाल चालते, नव्यातही असते. टकटक असा आवाज आला तर फ्रेममधलं भोक झिजून लंबगोल झालंय, त्यावर घरगुती इलाज नाही. रॅम पूर्ण वर नेऊन त्यावर टॉर्च मार. उभे चरे दिसले तर आधीच्या मालकाने प्रायमरची राख कधी पुसलेली नाही. उडालेल्या प्रायमरची राख काचेच्या भुकटीसारखी घासते, ती रॅम आणि फ्रेमच्या मध्ये गेली की दोन्ही खाते. बारीक चरे चालतील. नखाला लागणारे खोल चरे आणि जोडीला हलणारा रॅम असेल तर सोडून दे.

खालच्या सांध्यांच्या पिना बघ. हँडल खालपासून वरपर्यंत हळू ने, मध्येच रिकामा झटका जाणवला तर पिना किंवा त्यांची भोकं सैल झालीत. पिना बदलता येतात, भोकं नाही. फ्रेमच्या सी आकाराच्या वरच्या आतल्या कोपऱ्यात आणि बेंचला बसणाऱ्या पायांपाशी तडा शोध. वेल्डिंगची खूण दिसली तर किंमत विचारायचीच नाही.

आता आटे. डाय बसते तिथे ७/८ इंच-१४ आटे असतात. तुझी एक चांगली डाय बरोबर ने आणि नुसत्या बोटांनी फिरवून आत घाल. पान्याशिवाय जात नसेल तर कुणीतरी आटे तिरके चढवलेत. रॉक चकरमध्ये हे आटे एका वेगळ्या बुशिंगमध्ये असतात आणि बुशिंग फ्रेममध्ये १ १/४ इंच-१२ आट्यांनी बसतं. म्हणजे बुशिंग खराब असेल तर बदलता येतं, पण त्या बहाण्याने भाव पाड.

राहिला प्रायमर बसवायचा हात. जुन्या लॉटमधून हमखास गायब असतो. त्याच्यासोबत मोठ्या आणि छोट्या प्रायमरचे दोन वेगळे प्लग, त्यांच्यावरच्या स्लीव्ह आणि स्प्रिंग लागतात. नसेल तर हाताने प्रायमर बसवायचं वेगळं साधन घ्यावं लागेल. प्रेस नाकारायचं हे कारण नाही, घासाघीस करायचं आहे.

तोळामासा
लोखंडीरावांनी प्रेसला पहिला मान दिला. मी काट्याला देतो. प्रेस झिजलेला असेल तर काडतूस वेडंवाकडं होईल, काटा खोटं बोलला तर बंदूक फुटेल.

५-०-५ हा ५११ ग्रेनपर्यंतचा (सुमारे ३३ ग्रॅम) दांडीचा काटा. ज्यावर ओहाउसचं नाव कोरलेलं असतं ते जुने नग उत्तम. टेबलावर ठेवल्या ठेवल्या पुढच्या गोष्टी कर.

दांडी उचलून तिच्या दोन्ही बाजूंच्या सुरीसारख्या धारा भिंगाने बघ. धार सरळ हवी, चपटी किंवा खवलेली नको. ती ज्या खोबणीत टेकते तिथे दगडी बेअरिंग असतात, त्यात चीर नको. तेलाचा डाग दिसला तर समज की कुणीतरी प्रेमाने वंगण घातलंय. काट्याला तेल कधीच घालत नाहीत, धूळ धरते आणि दांडी चिकटते. अल्कोहोल आणि मऊ ब्रश एवढंच.

दांडीच्या टोकाला तांब्याचा पत्रा असतो, तो दोन चुंबकांच्या मधून जातो म्हणून हेलकावे लवकर थांबतात. त्या चुंबकांना लोखंडाची कीस चिकटलेली असते आणि पत्रा तिला हळूच घासतो. काटा दर वेळी वेगळा आकडा दाखवतो तेव्हा निम्म्या वेळा दोष हाच असतो. चिकटपट्टीने कीस काढली की काटा पूर्ववत.

मग तीन चाचण्या. शून्य लावून दांडी तीनदा उचलून परत टेकव, दर वेळी शून्यावरच यायला हवी. दुसरी संवेदनशीलतेची: प्रिंटरच्या साध्या कागदाचा १ सेंटिमीटर बाय १ सेंटिमीटर तुकडा काप. त्याचं वजन साधारण ०.१२ ग्रेन भरतं. पारड्यात टाकल्यावर काटा डोळ्याला दिसेल एवढा हलायला हवा. हलला नाही तर ०.१ ग्रेनचं मोजमाप या काट्यावर होत नाही. तिसरी चाचणी प्रमाणित वजनांची, आणि ती एका ठिकाणी नाही, तू वापरणार त्या पट्ट्यात दोन-तीन ठिकाणी.

पारडं आणि त्याची अडकवायची तार मूळचीच आहे ना हेही विचार. प्रत्येक काट्याची दांडी त्याच्याच पारड्याशी जुळवलेली असते. दुसऱ्याचं पारडं लावलं की शून्य लागतच नाही, किंवा तळाचा स्क्रू टोकापर्यंत फिरवून कसंबसं लागतं.

खटपट्या
प्रमाणित वजनं नसतील तर निकल टाका. अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं बरोबर ५ ग्रॅम, म्हणजे ७७.१६ ग्रेन. डाइम ३५ ग्रेन.

तोळामासा
खटपट्याभाऊ, हा टाकसाळीचा ठरवलेला आकडा. तुमच्या खिशातल्या नाण्याचा असेलच असं नाही. निकलला टाकसाळीची सूटच जवळजवळ ३ ग्रेनची आहे, वर झीज वेगळी. सहा निकल मिळून ४६३ च्या आसपास भरले तर काट्यात ढोबळ घोळ नाही एवढं कळतं. ०.१ ग्रेनचा निवाडा नाण्यांवर करायचा नसतो. चेक-वेट्सचा संच फार महाग नाही, आणि तो जन्मभर पुरतो.

ग्रेन म्हणजे काय असं कुणी विचारायच्या आत: १ ग्रॅम = १५.४३ ग्रेन, १ पौंड = ७,००० ग्रेन. ब्रिटिश अमदानीत ठरलेला आपला तोळा याच ग्रेनमध्ये १८० भरतो. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज १.८७५ ग्रेन. आपल्याला ०.१ ग्रेन, म्हणजे एका गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा भाग मोजायचाय हे लक्षात ठेवा.

मेघना_ह्यूस्टन
एवढी झटापट करण्यापेक्षा नवा डिजिटल काटा घ्यायला काय हरकत आहे?

तोळामासा
हरकत नाही मेघनाताई, पण जुना डिजिटल घेऊ नका असं मी नक्की म्हणेन. लोड सेलला (वजन जोखणाऱ्या आतल्या भागाला) आधीच्या घरात कधी धक्का बसलाय का हे बाहेरून दिसत नाही. नवा असेल तरी गरम व्हायला वेळ द्या, पंखा आणि एसीची झुळूक टाळा, शेजारी मोबाइल नको, आणि मधूनमधून चेक-वेट टाका. आकडा आपोआप सरकतो हा त्यांचा स्वभाव आहे. दांडीचा काटा बिघडला तर बहुधा चिकटतो, आणि चिकटलेलं कळतं. डिजिटल आत्मविश्वासाने चुकतो.

लोखंडी_चणे
डायवर कुणी लिहिलं नाही म्हणून मीच.

डबीवरचं नाव वाचून घ्यायचं नाही, प्रत्येक डाय बाहेर काढून तिच्या अंगावर कोरलेलं वाच. ३०८ च्या डबीत ३०-०६ ची सीटिंग डाय निघणं ही रोजची गोष्ट. ३०८ साठी दोन डाय पुरतात: एक साइझ करून जुना प्रायमर काढणारी, दुसरी गोळी बसवणारी. ३८ आणि ९ मिमीला तीन लागतात, मधली तोंड रुंदावणारी. तिसरी नसेल तर संच अपुरा आहे.

३०८ च्या साइझिंग डायवर नुसत्या नेक साइझिंगची (पुंगळीची फक्त मान दाबण्याची) खूण आहे का बघ. तशी असेल तर दुसऱ्या रायफलमधून उडवलेली पुंगळी तुझ्या चेंबरमध्ये जाणार नाही. स्मॉल बेस (बुडाकडची बाजूही जास्त दाबणारी) असेल तर अर्धस्वयंचलित रायफलला बरी, बोल्ट ॲक्शनमध्ये पुंगळी उगाच जास्त दाबली जाते आणि लवकर मरते.

३८ आणि ९ मिमीच्या साइझिंग डायच्या तोंडाशी कार्बाइडचं कडं हवं. आतला रंग आणि चमक वेगळी दिसते. कार्बाइड असेल तर सरळ भिंतीच्या पुंगळीला वंगण लागत नाही. कड्याला टवका किंवा केसासारखी चीर असेल तर डाय बाद. कार्बाइड कडक असतं पण ठिसूळ, खाली पडली की किंवा शेल होल्डर (रॅमवर पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) जोरात आदळला की तडकतं.

पोलादी डायच्या आत कापसाची काडी फिरव. धागे अडकले तर आत खड्डे आहेत किंवा पितळ चिकटलंय. खात्री करायची असेल तर उडवलेली पुंगळी वंगण लावून साइझ करून बघ, अंगावर उभा ओरखडा आला की डायमध्ये खडा किंवा चरा आहे. चिकटलेलं पितळ पॉलिश होतं, गंजाचे खड्डे नाही. बाहेरचा नारिंगी गंज बघून घाबरू नकोस, तेल आणि अगदी बारीक स्टील वूलने जातो.

तुटलेली डीकॅपिंग पिन हे नाकारायचं कारण नाही, तो झिजणारा सुटा भाग आहे. डायमध्ये पुंगळी अडकलेली असेल तर उलट आनंद मान. विकणाऱ्याला वाटतं डाय वाया गेली. पुंगळीच्या बुडाला भोक पाडून १/४ इंच-२० चे आटे पाडायचे, बोल्ट लावून ओढायची. स्टक केस रिमूव्हर म्हणून तयार संच मिळतो.

शेल होल्डर मोज. त्याच्या वरच्या कडेपासून पुंगळीचं बूड टेकतं तिथपर्यंत ०.१२५ इंच असतात, सगळ्या मोठ्या कंपन्यांचं हे प्रमाण आहे. आधीच्या मालकाने रायफलचा चेंबर आखूड म्हणून होल्डर किंवा डायचं बूड घासून कमी केलेलं असू शकतं. तशा होल्डरने साइझ केलं की पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा मागे जातो आणि दोन-चार वेळा उडवल्यावर बुडाजवळ ती फाटते. दहा डॉलरच्या तुकड्यासाठी ही जोखीम कोण घेणार?

खटपट्या
स्क्वेअर डील बी बद्दल. गण्या, तो तुझ्यासाठी नाही. डिलनने त्यासाठी स्वतःच्या वेगळ्या मापाच्या डाय केल्या, ७/८-१४ त्यात बसत नाही, आणि तो फक्त पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचा आहे. ३०८ होणारच नाही. ३८ करता येईल, पण लॉटमधला ३८ चा संच त्यात निरुपयोगी.

डिलनच घ्यायचा असेल तर ५५० शोध. त्यात ७/८-१४ बसतं, रायफलही होते, शेल प्लेट हाताने फिरवायची असते. जुना ५५० घेताना कॅलिबर बदलण्याचे भाग मोजून घे: शेल प्लेट, तीन लोकेटर बटणं, पावडर फनेल, आणि डाय बसवलेलं टूलहेड. यातलं काहीही नसेल तर वरचा खर्च प्रेसच्या किमतीला भिडतो. प्रायमरच्या नळीभोवतीचं लोखंडी कवच जागेवर हवंच. प्रायमरच्या उभ्या नळ्या पोचलेल्या असतील तर प्रायमर आडवा अडकतो, आणि अडकलेल्या प्रायमरवर जोर लावणं म्हणजे आमंत्रण. नळ्या नव्याच घे. घरगुती वापराच्या प्रेसला डिलनची आजन्म हमी आहे आणि आधीचा मालक कोण हे ते विचारत नाहीत. हे जुन्या बाजारातलं मोठं बळ आहे.

लोखंडी_चणे
नवशिक्याच्या हातात डिलनसारखा प्रोग्रेसिव्ह प्रेस नको, यावर मी ठाम आहे. हँडलच्या एका फेरीत चार-पाच गोष्टी घडतात. पुंगळीत पावडर पडलीच नाही किंवा दोनदा पडली तर कुठे चुकलं ते कळत नाही. पडली नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. मागोमाग दुसरी मारली की नळी फुगते. ३८ ची पुंगळी मूळची काळ्या दारूसाठी केलेली, म्हणून पोटात बरीच जागा. आजच्या हलक्या भाराच्या (पावडरच्या मापाच्या) दुप्पट दारू टाकली तरी बाहेर सांडत नाही, हा खरा धोका. एकेरी प्रेसवर पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करायच्या, सगळ्यांत पावडर टाकायची, आणि गोळी बसवण्याआधी टॉर्चने पन्नासही तोंडात बघायचं. सगळ्यांची पातळी सारखी दिसली की पुढे.

खटपट्या
मान्य, पण मग ५५० वरसुद्धा एका वेळी एकच पुंगळी फिरवून शिकता येतं. तुमचा आक्षेप यंत्रावर नाही, घाईवर आहे.

लोखंडी_चणे
घाई नसणाऱ्याला ५५० कशाला लागतो :)

पंतसचिव
गण्याने ग्रीन कार्डाचा उल्लेख केला म्हणून लिहितो, कारण धागा वाचणारे बरेच जण एच-१बी, एल-१, एफ-१ वर असतील.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात, १८ यू. एस. कोड कलम ९२१(ए)(१७) प्रमाणे, 'ॲम्युनिशन' म्हणजे फक्त तयार काडतूस नाही. पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर हे सुटे घटकही त्यात येतात. आणि कलम ९२२(जी)(५) प्रमाणे नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा ॲम्युनिशन जवळ बाळगता येत नाही. अपवाद आहेत. नेहमी लागू होणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. प्रेस, डाय, काटा ही नुसती अवजारं, ती 'ॲम्युनिशन'च्या व्याख्येत नाहीत. म्हणजे एच-१बी वर परवान्याशिवाय हाच लॉट उचलला तर प्रेस चालेल, पण खोक्याच्या तळाशी विसरलेली प्रायमरची एक पेटी गुन्हा ठरू शकते.

स्वतःसाठी भरायला संघीय परवाना लागत नाही. विकायला भरलं तर लागतो. राज्यांचे नियम वेगळे: इलिनॉयला फॉइड कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र), न्यू जर्सीत पिस्तुलाच्या काडतुसांसाठी ओळखपत्र, मॅसॅच्युसेट्समध्ये घटकांनाही परवाना. ओहायोत असं वेगळं कार्ड नाही.

नाशिककर_अभ्या
भारतात माझ्याकडे परवान्याची बारा बोअर आहे. असा एखादा मेक कुणी येताना आणला तर?

पंतसचिव
अजिबात नाही. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये कलम २ मधली 'दारूगोळ्या'ची व्याख्या वाच, त्यात दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीही धरली आहे. म्हणजे इथे जे साधं हत्यारपेटीतलं अवजार, ते तिथे स्वतःच दारूगोळा. आयातीला परवाना लागतो, आणि बनवायला कलम ५ खाली वेगळा. बंदूक बाळगायचा परवाना यातलं काहीच देत नाही. सुटकेसमध्ये टाकून आणणाऱ्याचा आणि मागवणाऱ्याचा, दोघांचाही निकाल लागेल. या धाग्यातलं सगळं अमेरिकेपुरतं धरा.

नाशिककर_अभ्या
समजलं. धन्यवाद.

मेघना_ह्यूस्टन
आता त्या पावडरच्या खोक्याकडे वळू या, कारण खरं घरी आणू नये असं तेच आहे.

उघडलेल्या डब्यातली पावडर कधीही घेऊ नका, डब्यावर लेबल असलं तरी. लेबल डब्याचं असतं, आतल्या मालाचं नाही. काम संपल्यावर मेझरमधली पावडर चुकीच्या डब्यात ओतणं ही घरोघरची चूक आहे. जलद जळणारी पिस्तुलाची पावडर संथ जळणाऱ्या रायफलच्या डब्यात गेली तर डोळ्याने ओळखता येईलच असं नाही. खराब झालेल्या पावडरला आंबट, झोंबणारा वास येतो, वर तांबूस धूळ दिसते, पत्र्याचा डबा आतून गंजतो. पण वास चांगला आहे म्हणजे ती लेबलवरचीच पावडर आहे असं होत नाही.

काचेच्या बरणीत सुटे प्रायमर असतील तर हात लावू नका. एक पेटला तर सगळे एकदम पेटतात आणि काच उडते. मूळ पेटीत प्रत्येक प्रायमर वेगळ्या खणात का असतो, ते यावरून कळेल. विक्रेत्याला सांगा, अग्निशमन दलाच्या साध्या, आणीबाणीच्या नसलेल्या नंबरवर कळवू दे. टपालाने किंवा कुरियरने पाठवायचा तर विचारही नको, पावडर आणि प्रायमर धोकादायक माल आहेत.

डब्यातली भरलेली काडतुसं? दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, कितीही सुबक दिसलं तरी. आधीच्या मालकाच्या वहीत भाराचे आकडे सापडले तर तेही वापरू नका. तो आकडा त्याच्या रायफलचा, त्याच्या पावडरच्या बॅचचा, कदाचित तेव्हाच्या वेगळ्या उत्पादनाचा. पावडर आणि गोळी बनवणाऱ्यांची चालू वर्षाची पुस्तिका घ्या आणि सुरुवातीच्या भारापासूनच चढा.

घरात साठवणुकीचा विषय आलाच म्हणून: एनएफपीए ४९५ या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकात राहत्या घरात मूळ डब्यात २० पौंडांपर्यंत धूरविरहित पावडर आणि १०,००० पर्यंत प्रायमर असं माप आहे. स्थानिक अग्निशमन नियम याहून कडक असू शकतात.

गण्या_क्लीव्हलंड
म्हणजे खोकं तिथेच. टंबलरचं काय?

मेघना_ह्यूस्टन
टंबलर घे, पण आतला भुसा नको. अक्रोडाच्या टरफलाचा किंवा मक्याच्या कणसाचा तो भुसा वापरलेला असेल तर त्यात प्रायमरमधलं शिसं बसलेलं असतं. घरात चाळू नकोस, मोकळ्या हवेत मास्क लावून जाड पिशवीत ओत, तोंड बांध, वाडगं ओल्या कपड्याने पूस. तो कपडा परत धुवायच्या कपड्यांत टाकू नकोस. लहान मुलं असतील तर टंबलर गॅरेजमध्ये, स्वयंपाकघराजवळ नाही.

यंत्र म्हणून बघायचं ते एवढंच: वाडग्याच्या मध्यातून जाणाऱ्या दांड्याभोवती प्लास्टिकला तारकेसारख्या चिरा आहेत का, दहा मिनिटं चालवून मोटर हाताला सोसवणार नाही इतकी तापते का, आणि वायरचं आवरण कडक होऊन तडकलंय का.

मेक ६०० ज्युनियर तुझ्या कामाचा नाही, पण चांगला विकला जातो. फ्रेमच्या पाटीवर कुठल्या गेजचा आहे ते बघ. चार्ज बारमध्ये छऱ्याचं भोक ठरलेल्या मापाचं असतं आणि पावडरचं बुशिंग वेगळं बदलता येतं. बुशिंगवरचा नंबर म्हणजे पावडरचं वजन नाही, कुठली पावडर त्यावर ते ठरतं. क्रिंप (घड्या घालून तोंड बंद करणं) सुरू करणारा भाग सहा घड्यांचा की आठ घड्यांचा, हे काडतुसाच्या टरफलाशी जुळावं लागतं. बाटल्यांत उरलेले छरे आणि पावडर आधी विक्रेत्याकडेच रिकाम्या करून घे.

तोळामासा
युनिफ्लो राहिला. वरची नळी पिवळी-हिरवी डागाळलेली, आतून खरखरीत असेल तर कुणीतरी त्यात पावडर महिनोन्‌महिने ठेवली होती. नायट्रोग्लिसरीन असलेली दुहेरी पावडर प्लास्टिक खाते. नळी बदलता येते. बघायचा तो ड्रम. ड्रम बाहेर काढ, ओतीव घरात गंजाचे टप्पे आणि ड्रमवर आडवे चरे नकोत. मोजणारे सिलिंडर दोन असतात, मोठा आणि छोटा. ३८ च्या हलक्या भाराला छोटा लागतो, आणि लॉटमध्ये बहुधा मोठाच असतो. इथेही तेल नको. ड्रायर शीटने पुसलं की स्थिर वीज कमी होते. भार टाकताना हँडलची लय दर वेळी सारखी ठेव, आणि दर दहाव्या भाराला काट्यावर वजन कर.

गण्या_क्लीव्हलंड
खूप मिळालं. ३५० ला काय म्हणाल? आणि ९ मिमीच्या डाय ठेवू की काढून टाकू?

खटपट्या
पावडर, प्रायमर आणि भरलेली काडतुसं शून्य धर. मेक वेगळा विकता आला तर त्याची वजावट. उरलं ते प्रेस, काटा, मेझर, दोन संच, टंबलर. या सगळ्याच्या नव्या किमतीची बेरीज काढ आणि निम्म्याच्या वर जाऊ नकोस. काटा तपासात नापास झाला तर त्याची नवी किंमत पूर्ण वजा कर, निम्मी नाही, कारण तुला तो नवा घ्यावाच लागणार. आणि राव, विकणारी बहुतेक वेळा त्या माणसाची बायको किंवा मुलगी असते. भाव पाडायचा तर कारण सांगून पाड, फसवून नको.

९ मिमीचा संच ठेव. त्याचा शेल होल्डर वेगळा, आरसीबीएसचा १६ नंबर. ३८/३५७ ला ६, ३०८ ला ३. डबीत होल्डर नसेल तर हे नंबर मागव. ली किंवा हॉर्नडीचा घेतलास तर हेच नंबर चालणार नाहीत: ३०८ ला लीचा २ आणि हॉर्नडीचा १, ९ मिमीला लीचा १९ आणि हॉर्नडीचा ८.

लोखंडी_चणे
घरी आणल्यावर प्रेस लगेच बेंचला लावू नकोस. हँडल काढ, सांध्याच्या पिना सोडव, रॅम खाली ओढून बाहेर घे. मिनरल स्पिरिटने रॅम, भोक आणि पिना स्वच्छ धू, काळा चिखल निघेल. कोरडं करून हलकं मशीन तेल लाव, जाड ग्रीस नाही, राख धरतं. डायचे आटे आणि शेल होल्डरची खाच ब्रशने साफ कर. खाचेतली धरणारी स्प्रिंग नसेल तर होल्डर सैल राहतो, ती आधी बसव.

बेंच जाड हवं. ३०८ साइझ करताना फळी वाकली तर हँडलला टोक गाठल्यासारखं वाटतं आणि पुंगळी खरं तर पूर्ण आत गेलेलीच नसते. आरपार बोल्ट घाल, लाकडाचे स्क्रू नको, खालून मोठे वॉशर किंवा लोखंडी पट्टी. पहिल्या पन्नास-शंभर पुंगळ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळ, लाकूड दबलेलं असतं.

गण्या_क्लीव्हलंड
टॉर्च, चुंबक, एक डाय, उडवलेल्या पुंगळ्या, वंगण, कॅलिपर, चेक-वेट्स, भिंग, कागदाचा तुकडा. अजून काही?

तोळामासा
सपाट पाटी. सेलमधलं टेबल डगमगतं असेल तर काटा कुठे ठेवशील?